हरेश्वरचा अर्ज मी छापला

मी एक जुना टाइपरायटर आहे. मित्रांनो, माझ्या कळांवर सगळी अक्षरं इंग्रजी आहेत, म्हणून मला साहेब समजू नका. गेली चौदा वर्षं मी मुरुडच्या बाजारात, एका अर्जनविसाच्या खोलीत काढली आहेत. तिथं दिवसभर मराठीच कानावर पडते. आता मी पुरता इकडचाच झालो आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात बसून मी मुंबईला आलो आणि एका जहाज कंपनीच्या कचेरीत मालाच्या याद्या छापू लागलो. काही वर्षांनी तिथं नवं यंत्र आलं आणि १९२४ साली मला लिलावात काढलं. एलोजी दिवेकरांनी मला घेतलं. आगबोटीत ते मला गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या उतारूने त्यांना विचारलं, "बारसं कधी आहे?" एलोजी हसले नाहीत. त्यांनी गोणपाट आणखी घट्ट लपेटलं. त्याच क्षणी मला वाटलं, या माणसाकडे आपले हाल होणार नाहीत, आणि ते खरं ठरलं.

एलोजी म्हणजे अर्ज लिहून देणारे. कचेरीत ज्याचं काम असेल तो आधी त्यांच्या बाकावर येऊन बसायचा. ते कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजाचे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होई आणि शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत ते कामाला हात लावत नसत. मलाही आयती सुट्टी मिळे. बाकीचे सहा दिवस ते सकाळी ब्रशने माझं एकेक अक्षर साफ करत आणि सांध्यांत तेलाचा थेंब सोडत. इथली खारी हवा लोखंडाला खाते. माझ्या बरोबरीची यंत्रं केव्हाच भंगारात गेली. मी टिकलो तो त्यांच्यामुळे, आणि हे उपकार मी विसरणार नाही.

एलोजींच्या अर्जाची रीत ठरलेली होती. आधी अर्जदाराची गरिबी, मग त्याच्यावर कोसळलेलं संकट, आणि शेवटी हुजुरांनी दया करावी अशी प्रार्थना. पाया पडल्याशिवाय अर्ज म्हणजे अर्जच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. माझंही तेच मत झालं होतं, कारण मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

१९३२ सालच्या थंडीत हरेश्वर आमच्याकडे आला. आगरदांड्याच्या कोळीवाड्यातला हा तरुण मुंबईहून बी. ए. होऊन परतला होता. त्याचे वडील तो सात वर्षांचा असताना वादळात होडीसकट गेले होते. आई वेणूबाईने सुकी मासळी विकून त्याला शिकवलं होतं. त्याला विलायतेच्या एका विद्यापीठात राज्यशास्त्राचा पुढचा अभ्यास करायचा होता. मुंबईच्या एका धर्मादाय निधीने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती, पण दोन वर्षांच्या आत प्रवेश मिळाला तरच. नाहीतर बंदरावरची कारकुनी त्याची वाट पाहतच होती.

"काका, विद्यापीठाने विचारलंय की तुम्हाला हा विषय का शिकायचाय," हरेश्वर जरा बिचकत म्हणाला.

"अर्ज कसा करायचा ते मला सांगतोस? मी लिहितो. तू खाली सही कर," एलोजी म्हणाले.

थोरल्या माणसापुढे तो काय बोलणार? एलोजींनी मनापासून अर्ज लिहिला. वडिलांचं बुडणं, आईची टोपली, घराचं गळकं छप्पर, सगळं त्यात आलं. शेवटी दयेची प्रार्थना होती. राज्यशास्त्राचं नाव एकदाच होतं, तेही पत्त्यात. मी तो इतका सुबक छापला, की एलोजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही फार बरं वाटलं.

मे महिन्यात उत्तर आलं. तुमच्या दुःखाबद्दल आम्हांला सहानुभूती आहे, असं त्यात म्हटलं होतं. परंतु तुम्हाला काय शिकायचं आहे आणि का, याचा अर्जात कुठेच उल्लेख नाही, त्यामुळे प्रवेश देता येत नाही. एलोजींनी ते पत्र तीनदा वाचलं. मग ते हरेश्वरला म्हणाले, "चूक माझी. तुला बोलायचं होतं आणि मी बोलू दिलं नाही." मित्रांनो, आपल्या लेकाच्या वयाच्या मुलापुढे असं कबूल करायला मोठं मन लागतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि माझ्या त्या सुबक छपाईची लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी हरेश्वरने स्वतः अर्ज लिहून आणला. शुक्रवारची दुपार होती. शनिवारी सकाळच्या आगबोटीने अर्ज गेला नाही तर विलायतेची डाक चुकणार होती, आणि त्यानंतरची डाक मुदतीत पोचणार नव्हती. त्याच्याबरोबर वेणूबाई आणि कोळीवाड्याचे पाटील गुणाजी असे दोघेही आले होते. ती दोघं बाकावर बसली.

एलोजींनी चष्मा लावून कागद वाचले. त्यांत मोठमोठ्या ग्रंथांतले उतारे होते. "पोरा, चुकीचं यात काही नाही," ते म्हणाले. "पण हे कुणीही लिहिलं असतं. यात तू कुठे आहेस?"

हरेश्वर कागद परत घेऊन चाळू लागला. तेव्हा गुणाजींनी विचारलं, "ह्यो अभ्यास हाय तरी कसला?"

"राज्य कसं चालतं, माणसं नियम का पाळतात, त्याचा, पाटील."

वेणूबाई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "बाला, तुझा बाप गेला तवा आपली डोलीची जागा कोनी राखली?"

डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खांबांना ते बांधतात आणि प्रत्येक घराची तिथली जागा ठरलेली असते. हरेश्वरचे वडील गेले तेव्हा ती चांगली जागा घ्यायला दोन घरं टपली होती. पंच बसले आणि त्यांनी ठरवलं की जागा विधवेचीच राहील. दुसऱ्याने तिथं जाळं लावावं, पण मासळीतला वाटा तिच्या दारात पोचवावा.

"पंचांनी राखली," हरेश्वर म्हणाला.

"कागद न्हवता. शिपाई न्हवता. दर्यात कुंपन न्हाय. तरी सोला वर्सं आपल्या खांबाला कोनी हात लावला न्हाय. ता कशापायी, ह्ये तुझ्या बुकात हाय का?"

हरेश्वरने हातातले कागद बाकावर ठेवले. "न्हाय, आये," तो म्हणाला.

"मंग त्येच लिव."

एलोजींनी माझ्यात कोरा कागद घातला. हरेश्वर इंग्रजीत सांगू लागला आणि ते छापू लागले. मध्येच एखादी गोष्ट अडली की गुणाजी सांगत. पंच कोण होतात, निवाडा न मानणाऱ्याचं काय होतं, समुद्रातली जागा कशी ओळखायची, सगळं सगळं. गेल्या वर्षीच्या अर्जातलाच तो मृत्यू होता, तीच आई होती, पण आता त्यात कुणी रडत नव्हतं. त्या दिवसासारखं काम मी पुन्हा कधी केलं नाही.

दोन पानं भरली. ऊन दारातून मागे सरकलं. शेवटचं वाक्य उरलं तेवढ्यात एलोजींनी बाहेर पाहिलं आणि कळांवरून हात उचलले. शब्बाथ लागायची वेळ झाली होती. आजवर त्यांनी कुणालाही मला शिवू दिलं नव्हतं. ते उठले, खुर्ची हरेश्वरपुढे सरकवली आणि म्हणाले, "बस. शेवटचं तुझं तूच लिही."

हरेश्वरला टाइप करायची सवय नव्हती. तो एका बोटाने एकेक कळ शोधत होता. मी मात्र एकही कळ अडू दिली नाही. त्याने लिहिलं, "माझ्या आईच्या या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नाही, म्हणून मला शिकायचं आहे." त्याखाली दयेचा एक शब्दही नव्हता. एलोजी दारात पाठमोरे उभे होते. त्यांनी मागे वळून तो कागद पाहिला नाही.

जूनमध्ये उत्तर आलं. पत्र चारच ओळींचं होतं. आपल्या आईच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापाशीही नाही, तरी आपण अवश्य यावं, असं तिथल्या अध्यापकांनी लिहिलं होतं. एलोजींनी ते मराठीत सांगितलं तेव्हा वेणूबाईने डोळ्यांना पदर लावला. हरेश्वर गेला. निघताना त्याने एलोजींच्या आणि गुणाजींच्या पाया पडून माझ्यावरही हात ठेवला.

आता एलोजींची नजर अधू झाली आहे आणि मी बहुतेक वेळ झाकलेलाच असतो. तरी माझी तक्रार नाही. मला जपणारा मालक मिळाला आणि छापण्यासारखं काही मिळालं. सगळ्याच यंत्रांना हे लाभत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला खाऱ्या वाऱ्यात उघडं टाकू नका, त्याला तेलपाणी करा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना, ती आहेत तोवर, त्यांना काय माहीत आहे ते विचारा. त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ती गप्प असतात.

हरेश्वरने विचारलं होतं. विलायतेला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याचं पत्र आलं. त्यात कोळीवाड्याच्या कायद्याबद्दल सतरा प्रश्न होते आणि ते आईला विचारून उत्तरं इंग्रजीत छापून पाठवावीत अशी एलोजींना विनंती होती. वेणूबाई आली. आमच्या त्या बाकावर आजवर माणसं मागायलाच बसली होती. ती टोपली बाहेर ठेवून आत आली, लुगडं सारखं करून ताठ बसली, आणि एलोजींनी माझ्यात कागद घातल्यावर म्हणाली, "लिवा, दादा. मी वेणूबाई, आगरदांड्याची. दर्यात माझी जागा हाय."