बोगुमिलचा टीव्ही आणि उलट्या नदीचा राजा

कलिनाने बूट दारातच भिरकावले, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपातांतल्या हाताला लागल्या त्या दोन पायात सरकवल्या, एक लाल आणि एक खाकी, आणि तशीच बोगुमिलच्या बैठकीच्या खोलीत घुसली.

"कुणी सांगितलं हाल्श्काबाईंना, आपल्याला जुनी कॉपी हवी म्हणून?"

खोलीत ड्रॅगन-जादूगारांच्या सिनेमांचं वेड असलेल्या क्लबाची वीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. आंद्रेइकीची संध्याकाळ, म्हणजे मेण ओतून भविष्य बघायचा दिवस. टेबलावर थंड पाण्याची परात होती, शेजारी जुनी लोखंडी किल्ली, आणि शेगडीवर पातेल्यात मेण वितळत होतं.

"आधी नमस्कार तरी कर," बोगुमिल म्हणाला. याचं चौकात औषधांचं दुकान. वीस वर्षं क्लबाचा अध्यक्ष, ड्रॅगन, जादूगार, तलवारी म्हटलं की लहान पोरासारखा वागणारा.

"नमस्कार. कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. दुपारी."

"मतदान आज होतं!"

"अगं, सगळ्यांचं ठरल्यासारखंच होतं..."

"वा, बोगुमिलसाहेब! आपण फार कष्ट घेतलेत."

दोघंतिघं चपापले. क्लबात शिरलं की सगळे अरे-तुरे, मग समोरचा डॉक्टर असो की पाद्री, हा पहिला नियम. इथे कुणी कुणाला 'साहेब' म्हटलं की ती सरळ शिवीच.

येताना ती 'कोमेता'वरून आली होती. गावातलं एकुलतं एक थिएटर. हाल्श्काबाई, थिएटरच्या मालकीण, शिडीवर चढून 'उलट्या नदीचा राजा'च्या पोस्टरवर पांढरा कागद डकवत होत्या. कागदाखाली झाकली जात होती ती पट्टी: 'नव्या तंत्रात, दुप्पट चित्रं'. कलिनाने विचारलं तेव्हा बाई वरूनच म्हणाल्या, "तुमच्याच क्लबाने सांगितलं. पहिल्या दिवशी अख्खं थिएटर तुमचं, मग तुम्ही म्हणाल तेच लावणार. एकच कॉपी मिळते मला. उद्या सकाळी वॉर्साला कळवायचंय."

नेहमीच्या सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं पळतात. या सिनेमाच्या नव्या कॉपीत अठ्ठेचाळीस, जुन्या कॉपीत नेहमीसारखी चोवीसच. एवढाच फरक. आणि एवढ्याशा फरकावरून गेले तीन महिने क्लबात लोक एकमेकांच्या उरावर बसत होते. सिनेमा अजून यायचाच होता.

कलिनासाठी मात्र हे एवढंसं नव्हतं. लहानपणापासून कॅमेरा झर्रकन फिरला की तिला चित्र झटके खाताना दिसायचं. लढाईत घोडे धावत नाहीत, थुई थुई उड्या मारत पुढे सरकतात, असं. ती सांगायची आणि सगळे हसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरने नजर ससाण्याची आहे म्हणून सांगितलं. शाळेत बाई म्हणाल्या, लक्ष वेधून घ्यायची सवय आहे मुलीला. वसंतात त्या बाईंशीच कडाक्याचं भांडण झालं आणि कलिना शाळेतून जी निघाली ती परत गेलीच नाही. आता सकाळी बेकरीत पाव भाजते. तिथेच एका मासिकात तिने या सिनेमाच्या दिग्दर्शकाची मुलाखत वाचली. तो म्हणत होता: कॅमेरा फिरला की चित्र झटके खातं, आयुष्यभर मला ते खुपतंय, म्हणून मी चित्रं दुप्पट केली. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं की पोरी, तुला दिसतं ते खरं आहे. पिठाच्या हातांनी तिने ते पान फाडलं आणि खिशात घातलं.

"बस ना," लुत्स्यान म्हणाला. हा क्राकुवला शिकायला गेलेला, सुट्टीला आला की गावाला अक्कल वाटणारा. त्याच्या हातात फोन होता. "ऐक, वॉर्सात खास खेळ झाला, त्याबद्दल लोकांनी लिहिलंय. 'ड्रॅगन कसला, प्लास्टिकची सुसर. राजवाडा मालिकेतल्या स्वयंपाकघरासारखा. तलवारी लाकडाच्या आहेत हे पहिल्या रांगेतून कळतं.' दुसरा लिहितो, 'माझं डोकं दुखलं.'"

"त्याचं डोकं दुखलं तर त्याने गोळी घ्यावी. बोगुमिल देईल."

हशा झाला. लुत्स्यान मात्र हसला नाही. "जाणकार माणसं आहेत ती. त्यांना सिनेमाची जादू कळते. सगळं इतकं स्वच्छ दिसलं तर जादू राहतेच कुठे?"

"जादू? अरे, तुम्ही जन्मभर टीव्हीवर इंग्रजी सिनेमे बघता. हिरो, हिरॉईन, भूत, कुत्रा, सगळ्यांचं बोलणं आपल्या भाषेत एकच दादा बसक्या आवाजात वाचून दाखवतो! हिरॉईन मरताना तोच दादा 'हाय' म्हणतो! तिथे नाही कुणाची जादू मोडली. चित्र साफ झालं की मोडते!"

"अगं पण, कलिना," बोगुमिल समजुतीने म्हणाला, "आपण तर स्वतः बघितलंय. मागच्या बैठकीत, इथेच. तुला त्या संध्याकाळी बेकरीत जादा पाळी होती. या नव्या टीव्हीवर ट्रेलर लावला होता. एकूण एक माणसाला खटकलं."

"लाव परत."

त्याने लावलं. भिंतभर टीव्ही, त्याचा जीव की प्राण. नदी उलटी वाहत डोंगर चढली, राजा होडीत उभा राहिला, ड्रॅगनने मान वळवली. सगळं गुळगुळीत होतं, साबण लावल्यासारखं. राजा राजा वाटत नव्हता, राजाचे कपडे घालून बँकेत निघालेला माणूस वाटत होता. लुत्स्यानचे जाणकार बोलले ते अक्षरशः खरं होतं.

तिचा हात खिशातल्या त्या पानाकडे गेला.

"झालं ना? चला, मेण गार होईल," रेनाता म्हणाली. ती बोगुमिलची बायको. तिला ड्रॅगनांचं काडीचं कौतुक नव्हतं. तिने टीव्हीवर दुसरंच काहीतरी लावलं, आवाज बंद केला आणि कलिनाच्या हातात पळी दिली. "ओत."

कलिनाने किल्लीच्या भोकातून मेण ओतलं. पाण्यात चर्रर्र झालं. रेनाताने तो वेडावाकडा गोळा उचलून दिव्यासमोर धरला, भिंतीवर सावली पडली.

"होडी," कुणी म्हणालं. "प्रवास आहे पोरीच्या नशिबात."

"होडी कसली, बूट आहे."

"नवरा आहे, पोट सुटलेला!"

"छे," लुत्स्यान म्हणाला, "ही तर प्लास्टिकची सुसर."

अख्खी खोली फिदीफिदी हसली. कलिनाची कानशिलं तापली. आता तोंड उघडलं तर पळी फेकून मारू, हे तिला माहीत होतं, म्हणून तिने मान फिरवली. समोर टीव्ही चालू होता. काळापांढरा जुना सिनेमा, माळावरून घोडदळ दौडत चाललेलं.

ती बघतच राहिली. घोडे उड्या मारत नव्हते. बर्फावरून घसरल्यासारखे सरकत होते, गुळगुळीत, साबण लावल्यासारखे.

"रेनाता, हा कधीचा सिनेमा?"

"हा? माझ्या जन्माच्या आधीचा. आई बाबांबरोबर पहिल्यांदा गेली ती हाच बघायला. का गं?"

"मग हापण दुप्पट चित्रांचा का?"

कुणाला काही समजेना. कलिनाने पळी रेनाताच्या हातात कोंबली आणि रिमोट उचलला.

"ए, सेटिंग बिघडवू नकोस!" बोगुमिल उठला.

"बिघडलेलंच आहे." ती याद्या उघडत गेली. रंग, उजेड, आवाज, आणि मग एका कोपऱ्यात सापडलं: 'हालचाल मऊ करा'. चालू होतं. तिने ते बंद केलं.

त्याच क्षणी घोड्यांनी झटके खायला सुरुवात केली. थुई थुई, थुई थुई. लहानपणापासूनचे तिचे वैरी. आज त्यांना बघून तिला मिठी मारावीशी वाटली.

"आता ट्रेलर लाव."

नदी उलटी वाहिली. राजा होडीत उभा राहिला, आणि राजाच वाटला. इंटरनेटवरचा ट्रेलर साधाच होता, चोवीस चित्रांचा. मधली खोटी चित्रं टीव्ही स्वतःच घुसडत होता.

"म्हणजे आपण..." बोगुमिलचा चेहरा बिटाच्या सारासारखा लाल झाला.

"म्हणजे आपण तुझ्या टीव्हीला शिव्या घातल्या आणि शिक्षा सिनेमाला दिली."

"थांबा थांबा," लुत्स्यान म्हणाला. "टीव्हीचं मान्य. पण वॉर्सातल्यांनी टीव्हीवर नाही बघितलं. त्यांनी खरंच नवं बघितलं आणि त्यांना आवडलं नाही."

कलिनाने श्वास घेतला. मुद्दा बरोबर होता, आणि बरोबर मुद्द्यावर ओरडता येत नाही, हेच तर वाईट.

"बरोबर. त्यांनी बघितलं. आपण नाही बघितलं. कदाचित टुकार असेलही. पण या खोलीत एकाने तरी ते डोळ्यांनी बघितलंय का? सावलीत कुणाला बूट दिसतो, कुणाला नवरा. ठीक आहे, ते मेण आहे. सिनेमा तर बघता येतो! जुनी कॉपी जगात कुठेही मिळेल, उद्या टीव्हीवरसुद्धा येईल, त्या दादाच्या आवाजात. नवी एकदाच आपल्या दारात आलीय. मला ती बघायचीय. नंतर घाला शिव्या, मीही घालीन, सगळ्यात मोठ्याने. पण बघून."

कुणीतरी मागून हात वर केला. मग रेनाताने केला, तिला मतच नव्हतं तरी. मग भराभर सगळ्यांनी. शेवटी लुत्स्याननेही. "मी फक्त शिव्या घालायला येणार आहे," तो म्हणाला.

"ये की. माझ्या पुढची खुर्ची तुझी."

बोगुमिलने फोन लावला आणि सगळ्यांसमोर लावला, हे त्याचं मोठेपण. "हाल्श्का, माझं चुकलं. नवी कॉपी मागव... हो, नवी... नाही, प्यायलेलो नाही."

फोनमधून बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अरे, मी पट्टीवर कागद डकवून आत्ता शिडी आत ठेवली! आणि डोकं दुखलं म्हणून अर्ध्यातून उठून गेलात तर? रिकाम्या खुर्च्यांना दाखवू?"

कलिनाने फोन हिसकावला. "कुणी उठणार नाही. दाराशी मी बसते. आणि कागद मीच येऊन खरवडते. शिडी काढा बाहेर."

पहिल्या खेळाला ती खरोखरच दाराशी बसली, शेवटच्या रांगेत, पाय आडवा टाकून. क्लब अंगरखे, मुकुट, कातडी चिलखतं घालून आला होता. दिवे गेले.

पहिल्याच दृश्यात राजा जवळ आला आणि कलिनाला त्याच्या कपाळावर केसांच्या टोपाची कड दिसली. स्वच्छ, दोऱ्यासारखी. तिच्या लगेच पुढच्या रांगेतून लुत्स्यानने मान वळवली. अंधारातही त्याचे दात दिसले. "दिसला टोप?"

"दिसला. पुढे बघ."

मग कॅमेरा नदीवरून सुटला. डोंगर चढत्या पाण्यावर शेकडो होड्या, वल्ही वर-खाली, आणि कॅमेरा त्यांच्यावरून वाऱ्यासारखा पळाला. कलिनाने सवयीने डोळे बारीक केले. झटका आला नाही. एकेक वल्हं वेगळं दिसत होतं, एकेका वल्ह्यावरून पाणी निथळताना दिसत होतं. तिने डोळे हळूहळू पूर्ण उघडले.

तेवढ्यात राजाचा मखमली अंगरखा सावरत बोगुमिल अंधारातून दाराकडे चाचपडत आला. "कलिना, गरगरतंय गं. जरा हवा खाऊन येतो."

"बसा, बोगुमिलसाहेब."

"अगं खरंच..."

तिने पाय मागे घेतला नाही. नुसतं शेजारच्या पायरीवर हाताने थोपटलं. तो मुकुट मांडीवर घेऊन निमूट बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "आता बरं वाटतंय. तुला कसं वाटतंय?"

"गप," कलिना म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "बघतेय मी."