आधी हसणारी रांग

मी बहिरी आहे. कागदोपत्री माझ्यासाठी बरेच गोंडस शब्द आहेत, पण मला हाच सुटसुटीत वाटतो. तेव्हा उन्हाळ्यातल्या गाण्यांच्या आणि विनोदाच्या महोत्सवाला दोन दिवस जाते म्हटल्यावर शेजारणीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्ही तिथं जाऊन करणार काय?" एवढं मला तिच्या ओठांवरून वाचता आलं. मी भिंतीवरच्या लेकीच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि दार लावून घेतलं.

आमची लेक दुभाषी आहे. तिला कान आहेत, आणि चांगले तिखट आहेत. ते कुणाकडून आले हे तिच्या बापालाही सांगता येत नाही. मंचावरचा माणूस बोलतो किंवा गातो, आणि ती त्याच्या बाजूला उभी राहून ते सगळं हातांच्या भाषेत आमच्यापर्यंत पोचवते. एवढ्या मोठ्या महोत्सवाचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. शनिवारी लहान तंबू, रविवारी मोठा मंच. पुढची एक रांग आम्हा बहिऱ्या मंडळींसाठी राखलेली. मधोमध मी, शेजारी नवरा, पलीकडे आमचे शिंपीमामा, ज्यांना हसायला कारण लागत नाही.

सकाळी गाणी होती. ऐकणाऱ्या लोकांची एक समजूत असते, की ढोलाचा ठोका छातीत पोचला की बहिरा माणूस धन्य होतो. कमरेला वॉकीटॉकी लावलेल्या आयोजक बाईंनी मला मायेनं हाताला धरून नेलं आणि भल्यामोठ्या स्पीकरसमोर उभं केलं. माझ्या पोटातला चहा हलला. बाकी काही झालं नाही. बाई आशेनं बघत होत्या म्हणून मी मान डोलावली.

गाणं कळलं ते लेकीमुळे. गाणारी पोरगी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, "परत ये." मी नवऱ्याला विचारलं, "हिला पुढचं आठवत नाहीये का?" पण आमच्या लेकीनं ती ओळ दर वेळी निराळी केली. आधी दारातून हाक मारावी तशी. मग रागावून. मग कुणी येणार नाही हे कळून चुकल्यावर, हात छातीपासून जेमतेम वीतभर पुढे नेऊन. शिंपीमामा चक्क रडले. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण कामातलं कळतं, आणि काम पहिल्या प्रतीचं होतं.

घोटाळा दुपारी झाला.

दुपारी एक नावाजलेला विनोदवीर होता. झुपकेदार मिशांचा, म्हणून आम्ही त्याला मिशीवाले म्हणायला लागलो. त्याचा किस्सा असा: घरी एक पाहुणा येतो. न कळवता. सोफा बळकावतो. हा दमून घरी आला की पाहुणा याच्याकडे बघून तोंड फिरवतो. आई आधी पाहुण्याला वाढते, उरलं तर याला. बायको पाहुण्याच्या पाठीवरून हात फिरवते. शेवटी हा म्हणतो, "बास! या घरात तू तरी राहशील, नाहीतर मी." त्यावर पाहुणा उठतो, शेपूट झाडतो आणि याच्या उशीवर जाऊन बसतो. पाहुणा म्हणजे बोका, हे शेवटच्या क्षणापर्यंत कुणाला कळत नाही.

ऐकणाऱ्यांना कळत नाही. आमची गोष्ट वेगळी. हातांच्या भाषेत पाहुणा घरात आला म्हटलं की तो चालून दाखवावा लागतो, आणि चालायचं तर पाय दोन का चार हे आलंच. दोन पायांवर चालवला तर शेवटी शेपूट लावताना थाप मारल्यासारखं होतं. लेक प्रामाणिक. तिनं दारातून मऊ पंजे टाकत बोका आणला, आणि आमची रांग किस्सा सुरू होताच खो खो हसायला लागली. मिशीवाले बावचळले. बाकीचा तंबू माना वाकड्या करून आमच्याकडे बघत राहिला, आणि शेवटी शेपूट आली तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं.

तंबूमागे आयोजक बाई आणि मिशीवाले लेकीला गाठून उभे. मी मधे घुसले. विचारलं, "काय म्हणतायत?"

दुभाष्याचा एक धर्म असतो. समोर जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही. माझी लेक चेहऱ्यावरची रेषही न हलवता मला सांगायला लागली, "ते म्हणतायत की मी त्यांच्या विनोदाची माती केली. बाई म्हणतायत की मी अजून कच्ची आहे, आणि उद्या मोठ्या मंचावर माझ्याऐवजी पडद्यावर अक्षरं लावलेली बरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सांग त्यांना, विनोद आम्हाला आधी कळला हा आमचा गुन्हा का? आणि एवढी मिशी वाढवण्यापेक्षा किस्सा वाढवला असता तर बरं झालं असतं."

तिनं तेही सांगितलं, शब्दन्‌शब्द. मिशी हलली. त्यानंतर मात्र ती स्वतःचं बोलली, खूप वेळ, शांतपणे. बाईंनी शेवटी मान हलवली. ठरलं असं: रविवारी तोच किस्सा मोठ्या मंचावर. रांग पुन्हा आधी हसली, तर लेकीनं तिथेच, सगळ्यांदेखत, मंचावरून खाली उतरायचं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, तर लेकीनं ताट बाजूला सारलं. "आई, बोका लपत नाही," ती म्हणाली. "मी पाय दाखवले की संपलं."

"मग पाय दाखवू नकोस."

"मग तो घरात येणार कसा?"

नवरा जेवत होता. एका हातात पावाचा जाड तुकडा, दुसऱ्यात वाटी. त्यानं मान वर केली, डोळे अर्धे मिटले, नाकपुड्या फुगवल्या आणि आम्हा दोघींकडे असं बघितलं, की घर त्याचं आणि आम्ही भाडेकरू. मग हळूच तोंड फिरवलं.

आम्ही दोघं बुकबाइंडर. दिवसभर हात खळीनं बरबटलेले, नाहीतर सुई-दोऱ्यात गुंतलेले. कामाच्या टेबलावर गप्पा मारायच्या तर उरतो फक्त चेहरा. छापखान्याच्या मालकाची नक्कल, गिऱ्हाइकाची घाई, माझं माहेर, सगळं आम्ही भुवया आणि गालांवर बोलतो. लेक त्याच टेबलाखाली कागदाच्या कात्रणांत खेळत मोठी झाली. तिला हे शिकवायला लागलं नाही, फक्त आठवण करून द्यावी लागली. ती ताडकन उठली आणि बापाच्या डोक्याचा मुका घेतला. मग नवरा पाहुणा झाला, मी बायको झाले, आणि ती पुन्हा पुन्हा करून बघत राहिली. बाकी सगळे हातांनी; पाहुणा आला की हात पाठीमागे, पाय नाहीत, नुसता चेहरा. तो चेहरा थोरल्या जावयाचाही असू शकतो आणि बोक्याचाही.

एकच अडचण उरली. "शेपूट" हा शब्द तोंडातून सुटायला काहीच वेळ लागत नाही. पण तोवर पाठीशी धरून ठेवलेला तिचा हात सुटून, वर उठून, शेपूट व्हायला एक श्वास जातो. म्हणजे या वेळी रांग मागून हसणार. तेही वाईटच.

रविवारी सकाळी तिनं मिशीवाल्यांना गाठलं. "त्या शब्दाआधी एक श्वास थांबाल का? माझा हात वर येईपर्यंत?" मिशीवाल्यांनी चहा संपवला. "माझा विनोद माझ्या तालावर चालतो," म्हणाले आणि निघून गेले. लेकीनं हे मला सांगितलं तेव्हा मी तिच्या केसांची क्लिप नीट लावली. काळजी दाखवली नाही.

दुपारचं ऊन. मैदान नजर पोचेल तिथपर्यंत माणसांनी भरलेलं. आयोजक बाई मंचाच्या पायऱ्यांशी, वॉकीटॉकी हातात घट्ट धरून. किस्सा सुरू झाला. लेकीनं दोन्ही हात पाठीमागे नेले, मान वर केली, डोळे अर्धे मिटले, आणि पाहुणा आला. शिंपीमामांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांना कळेना हा कोण.

आणि मी माझी खुर्ची उलटी फिरवली.

नवऱ्यानं माझा खांदा हलवला. "अगं, पोरगी तिकडे आहे!"

"माहीत आहे."

मला दुसरा इलाज नव्हता. मैदान कधी हसतं ते मला ऐकू येत नाही; बघावं लागतं. आणि लेकीचं काम जमलं का नाही, हे आमची रांग आणि ते मैदान एकाच वेळी हसतात का, यावरच ठरणार होतं. म्हणून मी मंचाकडे पाठ करून बसले, एक डोळा रांगेवर, एक मैदानावर.

सोफा झाला. जेवण झालं. लोक गालातल्या गालात हसत होते, आमचीही मंडळी तेवढीच. मग सगळे थांबले. कुणाचा कागदी पेला ओठांशी थांबला, कुणाची टोपी हातात राहिली. काहीच होईना. मला वाटलं, बिघडलं. हा विसरला, नाहीतर ती विसरली.

आणि सगळं मैदान एकदम उघडलं. हजारो तोंडं, हजारो दात, माना मागे गेलेल्या. त्याच क्षणी माझ्या पाठीत नवऱ्याची थाप बसली, शिंपीमामा खुर्चीवरून घसरले, आमच्या अख्ख्या रांगेची हसून मुरकुंडी वळली. एकाच वेळी. अगदी एकाच वेळी. मिशीवाले थांबले होते.

माझ्या लेकीची शेपूट मी पाहिली नाही. ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात, पण मला त्याचं तसूभर वाईट वाटत नाही. मी जे पाहिलं ते त्यांतल्या कुणीच पाहिलं नाही.

वळून बघते तर मिशीवाले माझ्याकडेच बोट दाखवत होते. लेकीचे हात म्हणाले, "ते विचारतायत, त्या बाई पाठ करून का बसल्या? किस्सा आवडला नाही का?"

मी उठून उभी राहिले. "किस्सा ठीक आहे," मी म्हटलं. "पण तुमच्या शेजारी उभी आहे ती माझी लेक आहे. या मैदानात आज तिच्यासारखं काम कुणीच केलेलं नाही. हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

सांगणं तिला भाग होतं, गाळायची सोय नव्हती. तिनं माइक जवळ घेतला. ओठ उघडले, मिटले. आयोजक बाई पायऱ्यांवर डोळे पुसत होत्या. मिशीवाल्यांनी घाई केली नाही, मैदानानंही केली नाही.

मग तिनं ते सांगितलं. मी तिच्या ओठांवरून वाचत गेले, एकही शब्द सुटला नव्हता.