कलमवाल्यांची लाकडी जमीन

कलमवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं लोकांचे दावे नामंजूर करून करून त्यांना अशी खोड जडली होती की दूधवाल्याशी बोलतानाही एखादं कलम निघायचंच. म्हणून शेजाऱ्यांनी हे नाव पाडलेलं.

अशा माणसाने घरात अस्सल लाकडाचं फ्लोअरिंग घातलं, तेही दहा वर्षांच्या वॉरंटीसकट, मग काय विचारता! पहिल्याच दिवशी नियमांचा कागद टाइप होऊन नानांच्या खोलीच्या दारावर चिकटला. नाना म्हणजे त्यांचे वडील, वय ब्याऐंशी. चपला नकोत, खुर्ची ओढायची नाही, पाणी सांडायचं नाही, पुसायचं ते कोरड्या फडक्याने. एकदा नानांच्या हातून चहा सांडला, तर कलमवाल्यांनी त्यांना त्या कागदापाशी नेलं आणि तिसरा नियम मोठ्याने वाचायला लावला. नानांनी वाचला.

आठ महिन्यांत नानांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमधल्या पट्ट्यांच्या कडा वर आल्या. फार नाही, पायाला लागतील एवढ्याच. कलमवाल्यांना राग आला आणि, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही झाला. जन्मभर दुसऱ्यांचे दावे फेटाळले, आता दावा करावा कसा ते दाखवायची संधी आली होती. त्यांनी फ्लोअरिंगच्या कंपनीला सात पत्रं लिहिली. कंपनीच्या सुताराने ओलं लाकूड बसवलं आणि ओल अडवणारं खालचं प्लास्टिक घातलंच नाही, असं तिसऱ्या पत्रात होतं. पॉलिशला सतत उग्र वास येतो, असं चौथ्यात.

सुतार दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा चांगला तावातावाने भांडला. काम चोख आहे, हवी तर पट्टी उचकटून दाखवतो म्हणाला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दुपार होती, नवरा-बायको दोघंही कामावर आणि घरात एकटे नाना. त्यानंतर गडी पार बदलला. फोन केला की पडेल आवाजात म्हणायचा, साहेब, असेल माझीच चूक. चोराच्या मनात चांदणं, असं कलमवाले बायकोला म्हणाले आणि ती कबुली त्यांनी पाचव्या पत्रात तारखेसकट घातली. कंपनीने त्या सुताराला काम देणं बंद केलं. ही बातमी आली त्या दिवशी कलमवाले दोन घास जास्त जेवले. आज ते आठवलं की त्यांना मान वर करवत नाही.

शेवटी कंपनीने तपासणीला एक बाई पाठवल्या. सोबत सुतारालाही बोलावलं होतं. दोष त्याच्यावर शाबीत झाला असता, तर त्याला कायमचा नारळच मिळणार होता. तो दाराशीच उभा राहिला. बाईंनी ओल मोजायचं यंत्र टेकवत सगळं घर पालथं घातलं. बैठकीची खोली कोरडी, स्वयंपाकघर कोरडं. ओल काय ती नानांच्या दारापासून बाथरूमपर्यंत. इथे रोज पाण्याने कोण धुतं, असं त्यांनी विचारताच कलमवाले उसळले. या घरात कोरड्या फडक्याशिवाय दुसरं काही फिरत नाही, म्हणाले. बायकोनेही मान डोलावली.

तेवढ्यात सुतार म्हणाला, "बाई, खालचं प्लास्टिक मीच घातलं नाही. लिहून टाका."

"ऐकलंत?" कलमवाले म्हणाले.

बाईंनी एक पट्टी उचकटली. खाली प्लास्टिक होतं, चांगलं धडधाकट, कडेला दुमडून चिकटवलेलं. त्याच्यावर पाणी साचून पट्टी खालून काळी पडली होती. आणि वास आला, तोच, चौथ्या पत्रातला. बाई सुताराकडे बघतच राहिल्या. चोरी केली नाही म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. न केलेली चोरी कबूल करणारा कधी बघितलाय?

नानांच्या खोलीचं दार उघडलं.

"त्याला सोडा," नाना म्हणाले. "मी धुतो. मला बाथरूमपर्यंत पोचायला उशीर होतो."

नानांनी पस्तीस वर्षं दवाखान्यात वॉर्ड पुसले होते. जमीन घाण झाली की बादलीभर पाणी, त्यात फिनेल, एवढी एकच रीत त्यांना ठाऊक. घर रिकामं झालं की ते गुडघ्यांवर बसून सगळं धुऊन काढत. लाकडाला पाणी चालत नाही हे काय त्यांना माहीत नव्हतं? कागद होता की दारावर. पण लाजेपुढे कागदाचं काय चालतंय! लहानपणी नाना ड्यूटीवरून आले की त्यांच्या अंगाला हाच फिनेलचा वास यायचा, आणि कलमवाले धावत जाऊन त्यांना बिलगायचे. तो वास त्यांनी ओळखला नाही. उलट त्याची तक्रार केली.

"अहो, मला सांगायचंत," ते सुताराला कसेबसे म्हणाले.

"नानांनी हात धरला माझा," सुतार खाली बघत म्हणाला. "म्हणाले, मुलाला कळलं तर तो कागदापाशी नेऊन वाचायला लावेल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, म्हणतात ना, तसं झालं कलमवाल्यांना. बायकोने तोंड फिरवलं. बाई सभ्य होत्या. कारण सापडलं नाही असं लिहू का, म्हणाल्या. म्हणजे संशय सुतारावर राहिलाच असता. कलमवाल्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं की घरमालकाने वारंवार पाणी सांडलं, सुताराचं काम निर्दोष आहे, माझे आरोप खोटे होते. सही केली. त्यांनी सुताराची माफी मागितली. तो "असू द्या" म्हणाला, पण त्यांच्याकडे न बघता, आणि हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. सहा आठवडे घरी बसलेला माणूस आणखी काय म्हणणार?

सगळे गेल्यावर कलमवाले दारावरचा कागद काढायला गेले. गोंद त्यांनीच निवडून पक्का आणलेला, अर्धा कागद दारालाच राहिला. आत नाना उभेच होते, पायजमा ओला, नजर जमिनीवर. एवढा वेळ लोकांसमोर उभं राहण्यात त्यांना आजही पोचता आलं नव्हतं. कलमवाल्यांनी बादली आणली, फडकं आणलं, आणि ते गुडघ्यांवर बसले.

"नाना, फिनेल किती घालायचं?"

नाना बादलीत डोकावले. मग हळूच म्हणाले, "एकच झाकण. जास्त झालं की वास येतो. तुला कळेल."