कागद फाडायचा नसतो

नेव्यानाने खळीचा ब्रश डब्याच्या काठावर निथळवला आणि इमारतीच्या दाराच्या डाव्या फळीवर वरपासून खालपर्यंत ओढला. मग पिशवीतून कागद काढून चिकटवला आणि तळव्याने मधून कडेकडे दाबत नेला. काळी चौकट, वर क्रूस, मध्ये ल्यूबेनचा फोटो, खाली ‘तुला जाऊन नऊ वर्षे झाली’. सोफिया शहरात जो तो आपल्या गेलेल्या माणसाचा असा कागद आपल्या दारी लावतो. नेव्याना मात्र भावाचा कागद दर वर्षी ट्रामने निम्मं शहर ओलांडून त्याच्या वैऱ्याच्या दारी लावायला यायची.

आणि वैऱ्याचा इलाज नव्हता. मेलेल्या माणसाचा कागद फाडायचा नसतो. ऊनपावसाने जाईल तेव्हा जाईल. त्याने, मेतोदी क्राचुनोवने, एकदा दार रंगवून घेण्याचा घाट घातला होता. रंगाऱ्याने दार हिरवंगार केलं, पण कागदाच्या भोवतीने. मधला चौकोन तसाच राहिला, आणि नेव्यानाला आयती जागा मिळाली.

मेतोदी कंत्राटदार. जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवरची झिजलेली नक्षी नव्याने घडवण्याचं काम ल्यूबेन त्याच्याकडे करायचा. एका सकाळी परांचीची फळी मोडली आणि तो खाली पिवळ्या विटांच्या रस्त्यावर पडला. मेतोदीने सांगितलं, प्यायलेला होता. ल्यूबेनच्या खिशात राकियाची रिकामी बाटलीही निघाली. ज्याला पोटाच्या दुखण्यामुळे दारूचा थेंब सोसत नव्हता, त्याच्या खिशात! चौकशीला आलेले लोक बाटली बघून परत गेले. त्या दिवसापासून ल्यूबेनची मुलगी शाळेत दारुड्याची पोर झाली. नेव्यानाला एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडाने तो शब्द निघाला, त्याच तोंडाने तो चारचौघांत परत घेतला गेला पाहिजे. तोवर त्या माणसाला येता-जाता ल्यूबेनचा चेहरा बघायला लावायचा, एवढंच उट्टं तिच्या हाती होतं आणि ते ती मनापासून काढत होती.

“आलीस का गं?” पायांजवळून आवाज आला.

झ्लातकाचं दुकान त्याच इमारतीच्या तळघरात होतं. खिडकी फुटपाथला टेकलेली, त्यामुळे गिऱ्हाइकाने उकिडवं बसूनच सिगारेटी नाहीतर कॉफी घ्यायची.

“बुटांवरून ओळखलं. किती वर्षं तेच घालशील? ल्यूबेनसुद्धा वरून लाजत असेल.”

नेव्याना उकिडवी बसली. झ्लातकाने न मागता कॉफी पुढे केली, साखर ढवळून.

“तो आहे का घरात?”

“असणारच. त्याची आई गेली ना काल. गेल्यावर दवाखान्यात ठेवू नका असं बजावलं होतं म्हातारीने, म्हणून घरीच ठेवलंय.”

नेव्यानाने कप खाली ठेवला. स्तोयना आजी! या घरात कागदापाशी थांबणारी ती एकटीच. एका वर्षी काठी टेकत बाहेर आली होती आणि म्हणाली होती, “पोरी, जरा वर लाव. खाली कुत्री अंग घासतात.” नेव्यानाने खरोखरच तेव्हापासून कागद वीतभर वर नेला होता.

“देव तिला क्षमा करो,” ती म्हणाली. ते म्हणावंच लागतं, आणि या वेळी मनापासून म्हटलं गेलं.

तेवढ्यात दार उघडून मेतोदी बाहेर आला. दाढी वाढलेली, एका हातात आईचा कागद, दुसऱ्या हातात चिकटपट्टी. त्याने नेव्यानाकडे पाहिलंच नाही. उजव्या फळीवर कागद धरून तो पट्ट्या लावू लागला. पहाटेच्या पावसाने लाकूड ओलं होतं. एक कोपरा बसवावा तर दुसरा सुटे. आईचा चेहरा दोनदा दुमडून खाली आला. फुलं घेऊन आलेले शेजारी पायऱ्यांवर खोळंबून उभे होते.

शेवटी तो वळला.

“बाई, जरा खळ देता?”

नेव्यानाने डब्याचं झाकण लावलं.

“देते की. आधी बोल.”

“आज? माझी आई वर पेटीत आहे.”

“माझा भाऊ नऊ वर्षं दारात उभा आहे. बोल.”

मेतोदीने ओठ चाटले. मग अगदी हळू म्हणाला, “तो प्यायलेला नव्हता.”

“मला काय सांगतोस? मला ठाऊक आहे. त्यांना सांग.”

ओल्या लाकडाला लागून हातातला कागद मऊ पडू लागला होता. मेतोदी पायऱ्यांकडे वळला.

“ल्यूबेन प्यायलेला नव्हता,” तो मोठ्याने म्हणाला. “परांचीची फळी कुजकी होती. बाटली मी ठेवली त्याच्या खिशात.”

नेव्यानाने झाकण काढलं. ब्रश भरून उजव्या फळीवर ओढला. म्हातारीचा कागद तिने स्वतःच लावला, सरळ, एकही सुरकुती न ठेवता. मग ती लोकांकडे वळली. हा क्षण तिने किती वेळा मनात पाहिला होता! बायका तोंडावर हात ठेवतील, कुणीतरी थुंकेल, एखादा म्हातारा टोपी काढेल. कुणीच काही केलं नाही. एकाने हातातली फुलं सारखी केली, इतकंच. मेतोदी मान खाली घालून आत निघून गेला.

झ्लातका शाल गुंडाळून तळघरातून वर आली होती. तिने नेव्यानाचा दंड थोपटला.

“झालं ना मनासारखं? बरं झालं बाई, बोलला एकदाचा. आमच्याही जिवाला मेली चुटपुट होती.”

“तुमच्या जिवाला?”

“अगं, स्तोयना आजीनेच नव्हतं का सांगितलं सगळ्यांना! ल्यूबेन गेला त्याच हिवाळ्यात, रडत रडत. पण शेजारधर्म असतो. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत कोण पडतं?”

नेव्यानाने एकेकाकडे पाहिलं. ज्याच्याकडे पाही, तो मयताला आलेल्या माणसासारखी अदबीने मान हलवी. म्हणजे सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी! दारुड्याची पोर शाळेतून रडत घरी यायची, तेव्हा हे सगळे मूग गिळून बसले होते. आणि ही झ्लातका दर वर्षी कॉफी पाजत होती. मेतोदी एकटा वैरी होता तोवर सोपं होतं, रागाला एक तोंड होतं.

पिशवीत अजून बरेच कागद होते. ट्रामच्या थांब्यासाठी, चर्चच्या भिंतीसाठी, तिच्या घरासमोरच्या झाडासाठी. तिने गठ्ठा बाहेर काढला, उकिडवी बसली आणि झ्लातकाच्या खिडकीच्या झडपेवर ब्रश फिरवला.

“अगं, माझ्या दुकानावर कशाला? मी काय केलं?”

“काहीच नाही,” नेव्याना म्हणाली.

तिने ल्यूबेनचा कागद झडपेवर नीट बसवला, डबा उचलला आणि पायऱ्यांवरच्या लोकांमधून वाट काढत इमारतीत शिरली. तिला कुणी अडवलं नाही. इमारतीत मयत म्हणून सगळ्या मजल्यांवरची दारं उघडी होती. ती एकेक दार ओढून घेत, त्यावर खळ लावून ल्यूबेनचा कागद चिकटवत वर चढत गेली. मेतोदीचं दार तेवढं तिने सोडलं.