दहा मिनिटांचा अंधार

धीर हा विज्ञानाचा पाया आहे, असं भिंगरीसर गेली अठरा वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आले होते. लिफ्टचं बटण मात्र ते सात वेळा दाबत आणि आठव्यांदा दाबायच्या आत जिन्याला लागत. पोरांनी ठेवलेलं हे नाव त्यांना ठाऊक होतं, पण रागवायचं तर एका जागी थांबावं लागतं.

सध्या त्यांच्या पायाला जास्तच चाकं लागली होती. प्रयोगशाळेतली नेमणूक महिनाअखेर संपत होती आणि ती वाढवायची की नाही, हे गुरुवारी येणारी समिती ठरवणार होती. दाखवायचं होतं एका बाटलीतलं द्रावण. त्यातले रेणू जोडीजोडीने बांधलेले. तोवर द्रावण पाण्यासारखं. उजेड पडला की काडीमोड. मग प्रत्येक सुटा अर्धा, रसायनवाल्यांच्या भाषेत रॅडिकल, एकटा भटकतो आणि द्रावण जांभळं होतं. अंधारात दहा मिनिटं ठेवलं की पुन्हा संसार, रंग गायब. इतरांच्या रेणूंना यासाठी अतिनील दिवा लागे. सरांनी चार वर्षं खपून असे हळवे रेणू घडवले होते की त्यांना मोबाइलचा टॉर्चही पुरे.

काडीमोड बिनबोभाट व्हायचा. संसार काही जुळेना. सरांनी द्रावण तीनदा शुद्ध केलं, बाटलीतली हवा काढून नायट्रोजन भरला, रसायनं पुरवणाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं. मधल्या वेळात खुर्चीला टेकायचे, उठायचे, बाटली ठेवलेल्या काळ्या खोक्याचं झाकण उचलून टॉर्च मारायचे. जांभळं. दोन मिनिटांनी पुन्हा. असे नऊ दिवस.

बाटल्या धुणाऱ्या काकू हे सगळं बघत होत्या. बुधवारी त्यांना राहवलं नाही.

"बाळ झोपलंय का, हे त्याला गदागदा हलवून विचारताय होय, सर?"

सर मटकन खाली बसले. बघायला मारलेला उजेडही जोड्या तोडतो, हे त्यांनी स्वतःच्या शोधनिबंधात पान चारवर लिहिलं होतं. तांबडा उजेड सोडून कुठलाही उजेड चालणार नाही, हेही. तांबडा दिवा आला. काकूंनी सरांचा मोबाइल काढून स्वतःच्या खिशात घातला. सरांनी टेबलाभोवती एकतीस फेऱ्या मारल्या. दहाव्या मिनिटाला द्रावण पाण्यासारखं स्वच्छ होतं.

गुरुवारी समितीचे तिघे आले. अध्यक्ष पूल बांधण्यातले जाणकार. सरांनी रंग आणून दाखवला, खोकं बंद केलं आणि दहा मिनिटं कुणी झाकणाला हात लावू नये, अशी विनवणी केली. दुसऱ्याच मिनिटाला अध्यक्षांनी टॉर्च मारून पाहिलं. सरांनी हात जोडून पुन्हा झाकलं. चौथ्या मिनिटाला दुसरे सभासद वाकले, कारण अध्यक्षांनी पाहिलं होतं. सहाव्याला तिसरे, कारण ते एकटेच राहिले होते. अध्यक्षांचा हात धरावा असं सरांच्या फार मनात होतं, पण त्याच हाताने सही व्हायची होती.

असं पाऊण तास चाललं. मग समितीची जेवायची वेळ झाली.

"इतकं उघडलं-झाकलं, पण रंग तसूभर हलला नाही," अध्यक्ष म्हणाले. "याला म्हणतात काम."

सरांनी खुलासा करायला तोंड उघडलं. काकू मोठ्यांदा खोकल्या. सरांनी तोंड मिटलं.

समितीने अहवालात 'रंग टिकाऊ आहे' असा शेरा मारला आणि एका वर्षाची मुदतवाढ दिली.