दालमिलमधलं माहेर

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी दालमिलमध्ये कारखाने तपासणारे नवे सरकारी साहेब पाहणीला आले. यंत्राच्या मोठ्या पट्ट्याची जाळी त्यांनी हलवून पाहिली आणि खालच्या लहान पट्ट्यांनाही जाळ्या बसवायला सांगितलं. तिथं काम करणाऱ्या पंचफुलाला दहा वर्षांमागचं दुष्काळाचं साल आठवलं.

तेव्हा औशाकडच्या कोरड्या गावांतून बायका इथं कामाला आल्या होत्या. मालक मडिवाळप्पा आत आले की डोक्यावर पदर घ्यायचा, ही रीत. असाच घाईनं ओढलेला पंचफुलाचा पदर पट्ट्यात गेला. लुगडं जुनेर होतं म्हणून फाटलं आणि ती वाचली.

मालकांनी मोठ्या पट्ट्याला जाळी बसवली, पदर कमरेला खोचायला सांगितलं. पण ते दिसले की बायकांचे हात आपसूक डोक्याकडं जायचे. शेवटी त्यांची आई गौरम्मा मिलमध्ये आली. तिनं प्रत्येकीला खण दिला.

"आजपासून तुम्ही ह्या घरच्या लेकी. माहेरात कुणी डोईवर पदर घेतं का गं?"

"मग माहेरचा चहा कुठं हाय, आई?" कोंडाबाईनं विचारलं. सगळ्या हसल्या, मालकसुद्धा. त्या दिवसापासून दुपारचा चहा सुरू झाला आणि पदर कमरेला राहिले.

आता गौरम्मा नव्हती. साहेब जवळ आले तशी कामाला नवीन लागलेल्या, गावातल्या एका सुनेनं खोचलेला पदर उपसला. जाळी नसलेला लहान पट्टा हातभर अंतरावर फिरत होता. पंचफुलानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे, बाई. साहेब आले तर येऊ दे. हे माहेर हाय आपलं."