खेकडे खांबांवर चढले तेव्हा

खेकडे धक्क्याच्या खांबांवर चढत होते आणि माणसं टोपल्या घेऊन धावत होती. एरवी एक खेकडा पकडायचा तर बोटं सोलून निघायची. आज ते नांगीसुद्धा उगारत नव्हते. बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेल्या वहिनीनं मात्र टोपली उचलली नाही. फुकट मिळालं की लोक अक्कल गुंडाळून ठेवतात, पण खेकडे काय हौसेनं वर आले होते?

कारण काही गुपित नव्हतं. त्यांचं आखात म्हणजे एक वाडगंच: आत खोल, तोंडाशी उथळ उंबरा. तो ओलांडून मोठ्या समुद्राचं ताजं पाणी आत यायचं तर जोराचा वारा हवा. नदीला वाऱ्याची गरज नाही; शेतांतलं खत आणि शहराची गटारं ती रोज इमानेइतबारे आणून ओतते. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतं. यंदा वारा पडला तो पडलाच. तळाचं पाणी मेलं, आणि त्यातून जे जे सुटलं ते काठाशी येऊन तोंड वासत होतं.

तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं जाळं टाकायचा अवकाश, बोट भरली. एवढी मासळी मिळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, म्हणून बर्फ बेताचाच नेलेला. परत आले तर धक्क्यावर सगळ्याच बोटी भरलेल्या, माल उतरवायला पाळी लागेना. दोन दिवस मासळी बोटीच्या पोटातल्या खणात झाकणाखाली उकडत राहिली.

पाळी आली तेव्हा वहिनी बर्फाची गाडी घेऊन बोटीशी आली होती. दिरानं झाकण उचललं आणि नाक दाबलं.

"वहिनी, हा वास अंगाला चिकटला तर मला मुलगी कोण देणार?"

"तशीही कोण देतंय," ती म्हणाली.

तो हसत शिडी उतरला. आतून त्याचा आवाज आला, "अगं, वास गेला की." मग काहीतरी धप्पकन पडलं, आणि पुढे काहीच नाही.

सडक्या मासळीचा विषारी वायू आधी नाक बधिर करतो, मग माणूस पाडतो. कारखान्यात पहिल्याच दिवशी बजावतात: बर्फ गोठवणाऱ्या वायूच्या खोलीत कोणी पडला तर मागोमाग जायचं नाही, आधी हवा. तिनं जीव खाऊन धक्क्यालगतच्या कारखान्याच्या मुकादमाला हाक मारली. तोवर नवरा धावत आला आणि त्यानं शिडीवर पाय ठेवला.

तिनं त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागे ओढलं.

"सोड. भाऊ आहे तो माझा."

"माहीत आहे. तू उतरलास तर दोघं जाल."

"सोड म्हणतो ना."

तो तिला फरफटत पुन्हा खणाकडे न्यायला लागला. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जायचा. त्याचा डबा तिनंच भरला होता. तो खाली गुदमरत होता आणि ती वाट अडवून बसली होती. भीतीनं तिला रडूसुद्धा येईना. तो गेला तर नवरा जन्मात आपलं तोंड बघणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. नवऱ्यानं एक हात सोडवून घेतला, तेव्हा तिनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि सोडला नाही.

मुकादम कारखान्यातला पंखा आणि कापडी नळ घेऊन आला. खणात हवा सोडून, पाठीवर हवेचं नळकांडं आणि तोंडाला मुखवटा चढवून तो स्वतः उतरला. दोरीला बांधून दिराला वर घेतलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. कोणीतरी म्हणालं, संपलं. वहिनीनं त्या माणसाकडे अशी नजर टाकली की तो मागे सरला. मुकादम दिराची छाती दाबत राहिला, आणि बऱ्याच वेळानं त्याला ठसका लागला.

दवाखान्यात नवरा दिवसभर तिच्याकडे पाठ करून भावाच्या खाटेशी उभा होता. खिडकीतून धक्का दिसत होता. वारा अजून पडलेलाच होता आणि खांबांवर खेकडे तसेच लटकलेले होते. तिला तिकडे बघवेना.

संध्याकाळी दिरानं डोळे उघडले. तोंडावरची नळी बाजूला करून त्यानं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "दादा... दादा मागून उतरला का?"

"नाही," ती म्हणाली.

"तो ऐकणार नाही कुणाचं. कसा थांबला?"

नवऱ्यानं बाही वर केली आणि दंडावरचे दातांचे वळ भावासमोर धरले. मग तो तिच्या शेजारी बाकावर येऊन बसला.